मुलांना शिवाजी महाराज कसे सांगावेत

महाराष्ट्रातल्या मुलाला शिवाजी महाराजांची नव्याने ओळख करून द्यावी लागत नाही. दिवाळीतल्या मातीच्या किल्ल्यावर सगळ्यात उंच जागी कोण बसतं, हे त्याला अक्षरओळख व्हायच्या आधीच ठाऊक असतं. चौथीच्या वर्षात तर इतिहास म्हणजे महाराजच. तरीही सहावीतल्या मुलाला ‘महाराजांनी पुरंदरचा तह का केला?’ असं विचारून बघा. बहुतेक मुलं गप्प होतात. प्रसंग पाठ असतात, पण त्या प्रसंगात महाराजांपुढे कोणता पेच होता, याचा विचार करायला त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. तो विचार करायला शिकवणं घरी सहज जमतं.

आधी वय बघा

पाच ते सात वर्षांच्या मुलाला शिवनेरी, जिजाऊ, घोडे, वेषांतर, रात्रीची दौड एवढं पुरे. प्रतापगडाची गोष्ट सांगताना वाघनखांचं रसभरीत वर्णन या वयात टाळा. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला योजना आवडतात, त्यामुळे कोणी कुठे लपायचं आणि इशारा कसा द्यायचा, हे त्याला खुशाल सविस्तर सांगा. अकरा-बाराव्या वर्षी तह, पत्रं, अष्टप्रधान, आरमार हे विषय काढा. तलवार हातात नसतानाचे महाराज या वयाच्या मुलाला समजू शकतात.

भिंतीवर नकाशा लावा

साधा हातानं काढलेला चालेल. जुन्नरजवळ शिवनेरी, पुण्याच्या नैर्ऋत्येला राजगड, महाबळेश्वरजवळ प्रतापगड, कोल्हापूरजवळ पन्हाळा, महाडजवळ रायगड. मग वेगळ्या रंगांनी शेजारी दाखवा: विजापूरची आदिलशाही, उत्तरेकडून आलेले मुघल, जंजिऱ्याचा सिद्दी, गोव्यात पोर्तुगीज. सुरुवातीचं स्वराज्य किती लहान होतं आणि चहूबाजूंनी कोण होतं, हे नकाशा एका नजरेत सांगतो. आग्रा कागदाच्या अगदी वरच्या टोकाला जातो. ते अंतर बोटानं मोजल्याशिवाय आग्र्याहून सुटका म्हणजे काय, हे मुलाला उमगत नाही.

शेवट सांगायच्या आधी थांबा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. गोष्ट निर्णयाच्या क्षणापर्यंत आणायची, थांबायचं आणि विचारायचं: तू असतास तर काय केलं असतंस?

पन्हाळ्यापासून सुरुवात करा. साल १६६०. गडाला आदिलशाही सरदार सिद्दी जौहरचा वेढा पडून महिने उलटलेत. पावसाळा सुरू झाला तरी वेढा उठत नाही. बाहेरून सोडवायला आलेले नेतोजी पालकर वेढा फोडू शकलेले नाहीत. आता काय करायचं? एखादं मूल म्हणेल लढायचं, एखादं म्हणेल पळायचं. प्रत्येक उत्तरावर ‘मग पुढे काय होईल?’ असं विचारत जा. मुलं स्वतःच शोधून काढतात की पहारा सैल पडल्याशिवाय निसटता येणार नाही. मग सांगा, की महाराजांनी शरण येण्याचं बोलणं लावलं, वेढ्यात ढिलाई आली, आणि जुलैच्या पावसाळी रात्री ते विशाळगडाकडे निघाले. त्यांचा वेष घेतलेले शिवा काशीद पालखीत बसून शत्रूच्या हाती पडले आणि प्राणाला मुकले. घोडखिंडीत बाजीप्रभूंनी पाठलाग रोखून धरला. इतका विचार केल्यावर मुलाला कळतं, की या दोघांनी समजून-उमजून जीव दिला. माझ्या मते शौर्याचा अर्थ मुलांना इथेच पहिल्यांदा कळतो.

दुसरा प्रसंग आग्र्याचा. ऑगस्ट १६६६ मध्ये महाराज नजरकैदेतून निसटले, तेव्हा बरोबर संभाजीराजे होते. वय अवघं नऊ. महाराजांनी त्यांना मथुरेत विश्वासू माणसांकडे ठेवलं आणि स्वतः वेगळे निघाले. बापानं मुलाला मागे का ठेवलं असेल? नऊ-दहा वर्षांचं मूल हा प्रश्न ऐकून गंभीर होतं. लहान मुलाला घेऊन चाललेला माणूस शोधणं पहारेकऱ्यांना किती सोपं, हे लक्षात यायला त्याला थोडा वेळ लागतो. तो वेळ द्या, उत्तर पटकन पुरवू नका.

हार लपवू नका

जून १६६५ मधल्या पुरंदरच्या तहात महाराजांनी २३ किल्ले मुघलांना दिले, स्वतःकडे १२ ठेवले. मुलगी विचारेल, ‘म्हणजे महाराज हरले?’ हो म्हणा. मुघल सरदार मिर्झाराजे जयसिंगांची फौज मोठी होती, पुरंदर लढवणारे मुरारबाजी पडले होते, मुलूख जळत होता. सगळं गमावण्यापेक्षा थोडं राखणं त्यांनी पसंत केलं. मग १६७० मध्ये एकेक किल्ला परत घ्यायला सुरुवात झाली, त्यात सिंहगड घेताना तानाजी मालुसरे गेले. जो राजा कधीच हरला नाही असं सांगितलं जातं, तो मुलाला परका वाटतो. माघार घेऊन पाच वर्षांनी पुन्हा उभा राहणारा राजा त्याला आपला वाटतो.

एक पत्र वाचा

वेशभूषा स्पर्धेसाठी दाढी चिकटवून चार ओळी पाठ करून घेण्यात जेवढा वेळ जातो, तेवढ्यात महाराजांचं एक पत्र सोप्या मराठीत सांगून होतं. चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना त्यांनी लिहिलेलं पत्र आहे. पावसाळ्यासाठी साठवलेलं दाणावैरण जपून वापरा, नाहीतर घोडी मरतील. मग लोक कुणब्यांचे दाणे, भाकरी, गवत ओरबाडायला लागतील, आणि रयतेला वाटेल यापेक्षा मुघल बरे. पुढे तर असंही आहे, की रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात नेईल आणि गवताला आग लागेल. राज्य चालवणारा माणूस उंदरापर्यंत विचार करतो, हे ऐकून मुलं हसतात आणि ते कायमचं लक्षात ठेवतात. थोड्या मोठ्या मुलांना कोकणातल्या प्रभावळीच्या सुभेदाराला लिहिलेलं पत्र सांगा. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, ज्याच्याकडे बैल नाहीत त्याला बैलांसाठी पैसे द्या, अशी ताकीद त्यात आहे.

गोष्ट कुठून आली, तेही सांगा

तानाजीला सिंहगडाचा कडा चढवून देणाऱ्या यशवंती घोरपडीची गोष्ट जरूर सांगा, पण ती लोककथा आहे हेही सांगा. पत्रातून आलेलं, बखरीतून आलेलं आणि पोवाड्यातून आलेलं वेगळं ओळखायची सवय दहाव्या वर्षी लागली, तर पुढे कोणीही काहीही पाठवलं तरी ते मूल आधी विचारेल, हे कशावरून?

अवघड प्रश्न टाळू नका

‘महाराज मुसलमानांशी लढले का?’ हा प्रश्न येतोच. त्याला नावांनी उत्तर द्या. महाराज हिंदू राजे होते, ६ जून १६७४ रोजी त्यांनी रायगडावर विधिपूर्वक राज्याभिषेक करवून घेतला, मंदिरांना आधार दिला. त्यांच्या आरमारात दौलतखान होते, फौजेत सिद्दी हिलाल, दरबारात काझी हैदर. आणि पुरंदरला वेढा घालणारे मिर्झाराजे जयसिंग राजपूत होते. लढाई कोणत्या सत्तेशी होती, हे मूल एवढ्यावरून स्वतः ठरवू शकतं.

मग गड चढा

पहिल्यांदा प्रतापगड बरा, गाडी बरीच वर जाते. शाळकरी मुलांना रायगड दाखवा, हवं तर रोपवेनं. महादरवाजा दोन बुरुजांच्या आड कसा लपवलाय, ते आधी त्यांनाच शोधू द्या. पाण्याची टाकी मोजायला लावा. त्या काळचे शौचकूप दाखवा, मुलांना त्याचं फार नवल वाटतं. जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचं नाव कोरलेलं आहे, ते वाचून घ्या. सिंधुदुर्गाला जायचं तर पावसाळ्यात मालवणहून होड्या बंद असतात, म्हणून हिवाळा धरा. चढायच्या गडांना पहाटे निघा, माणशी दोन लिटर पाणी घ्या, आणि घरच्या नकाशाची एक प्रत मुलाच्याच पिशवीत द्या.