ॲरे निरोगी, तरीही प्रतिसाद मधूनच मंद: माझा अनुभव

आमच्या स्टोरेज ॲरेवरील (अनेक डिस्क एकत्र असलेले, सर्व्हरचा डेटा साठवणारे यंत्र) लिहिण्याचा प्रतिसाद एरवी २ मिलिसेकंदांच्या आत असे, पण अधूनमधून तो २०० च्या पुढे जाई आणि ॲरेवरचे दिवे मात्र हिरवेच राहत. संशयावरून एक डिस्क बदलली, कंट्रोलरचे (ॲरेचे कामकाज चालवणारा भाग) फर्मवेअरही, म्हणजे त्याच्या आतले सॉफ्टवेअरही, अद्ययावत केले. तीन आठवडे वाया गेले.

अखेर सर्व्हर आणि ॲरे यांना जोडणाऱ्या फायबर चॅनल स्विचवरील त्रुटींचे आकडे शून्य करून तासाभराने पाहिले, तेव्हा पहिल्या कंट्रोलरला जोडलेल्या एकाच पोर्टवर सीआरसी त्रुटी (वाटेत डेटा बिघडल्याची नोंद; असा डेटा पुन्हा पाठवावा लागतो, म्हणून प्रतिसाद मंदावतो) वाढताना दिसल्या. सर्व्हरवर मल्टिपाथचे (एकाच ॲरेपर्यंत अनेक वाटा ठेवण्याची सोय) उरलेले मार्ग चालू असल्याची खात्री करून तो पोर्ट बंद केला, फायबर केबल काढून तिची दोन्ही एलसी टोके (एलसी हा छोट्या कनेक्टरचा प्रकार) क्लीनर पेनने पुसली (तपासणीच्या भिंगातून एका टोकावर बोटाचा तेलकट डाग स्पष्ट दिसत होता), दोन्हीकडच्या एसएफपीची (केबल ज्यात खोचतात तो प्रकाश-संदेशाचा छोटा भाग) तोंडेही साफ केली, केबल जोडून पोर्ट सुरू केला आणि आकडे पुन्हा शून्य केले. चोवीस तासांनंतरही ते शून्यच होते.