डेसिकंट बदलण्याआधी ड्रायर तपासा: कॉम्प्रेस्ड एअर सुकवताना या चुका टाळा

हीटलेस ड्रायर दोन टॉवरमधल्या बाष्पशोषक मण्यांनी (डेसिकंट) हवा सुकवतो आणि ते मणी हीटरशिवाय, सुकवलेल्याच थोड्या हवेने (पर्ज) पुन्हा कोरडे करतो. त्यातून बाहेर पडणाऱ्या हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतले बाष्प गोठू-साकळू लागते) उणे ४० अंशांवरून उणे २० किंवा त्याहून वर सरकला, की बहुतेक कारखान्यांत पहिली मागणी निघते ती नव्या ॲक्टिव्हेटेड अल्युमिनाची, म्हणजे त्या मण्यांची. दोन्ही टॉवर रिकामे करून नवा माल भरला जातो, काही दिवस आकडे चांगले येतात आणि मग पुन्हा तेच रडगाणे सुरू होते. कारण डेसिकंट खराब झाले हे खरे असले, तरी ते ज्यामुळे खराब झाले ते जागच्या जागीच राहिलेले असते. नीट चालणाऱ्या ड्रायरमध्ये अल्युमिना साधारण तीन ते पाच वर्षे टिकते. ते वर्षभरात बदलावे लागत असेल, तर मालाला दोष देण्याआधी ड्रायरच्या आजूबाजूला पाहावे.

पावसाळ्यात हमखास ऐकू येणारे स्पष्टीकरण म्हणजे हवाच दमट आहे, ड्रायर काय करणार. ते अर्धेच बरोबर आहे. ७ बारपर्यंत दाबलेली हवा आफ्टरकूलरमधून (कॉम्प्रेसरची गरम हवा थंड करणाऱ्या भागातून) बाहेर पडते, तेव्हा ती मे महिन्यातही बाष्पाने संपृक्तच असते. त्यामुळे वाफेच्या रूपात डेसिकंटवर किती पाणी येणार, हे बाहेरच्या आर्द्रतेवर नव्हे, तर ड्रायरमध्ये शिरणाऱ्या हवेच्या तापमानावर ठरते. ३५ अंशांच्या संपृक्त हवेत दर घनमीटरला सुमारे ४० ग्रॅम पाणी असते, तर ५० अंशांच्या हवेत ते ८३ ग्रॅमच्या आसपास जाते. ड्रायरची क्षमता बहुधा ७ बार आणि ३५ ते ३८ अंश धरून सांगितलेली असते. पत्र्याच्या शेडमध्ये धुळीने माखलेला आफ्टरकूलर असेल, तर त्याच ड्रायरवर दुप्पट ओझे पडते. दाबाचेही तसेच आहे. ७ बारऐवजी ५ बारवर चालवल्यास ड्रायरची क्षमता सुमारे तीनचतुर्थांश उरते.

पावसाळ्याचा खरा त्रास वेगळा आहे. २८ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असताना १०० सीएफएमचा (मिनिटाला १०० घनफूट हवेचा) कॉम्प्रेसर पूर्ण भाराने चालला, तर आफ्टरकूलर आणि रिसीव्हरमध्ये (हवेच्या टाकीत) मिळून तासाला जवळपास ३ लिटर पाणी साचते. ते आपोआप बाहेर सोडणारा ऑटो ड्रेन गंजाने किंवा गाळाने अडकला, की हे पाणी थेट टॉवरमध्ये जाते. सिलिका जेल या दुसऱ्या डेसिकंटचे मणी द्रव पाण्याने तडकतात. अल्युमिना तडकत नाही, पण भिजलेला थर पर्जच्या थोड्याशा हवेने सुकणे शक्य नसते. म्हणून कामगारांच्या दर पाळीत ड्रेन हाताने उघडून पाहावा. पाण्याचा लोंढा आला, तर ऑटो ड्रेन बंद पडला आहे असे समजावे. ड्रायरच्या आधी तेल अडवणाऱ्या प्रीफिल्टरच्या एलिमेंटबाबत (आतल्या गाळणीबाबत) काटकसर करणेही असेच महागात पडते. ऑइल लुब्रिकेटेड कॉम्प्रेसरचे तेल एकदा मण्यांच्या सूक्ष्म छिद्रांत बसले, की हीटलेस ड्रायरमध्ये ते निघत नाही. पांढरे मणी पिवळट किंवा तपकिरी दिसू लागतात आणि मग ते बदलण्यावाचून उपाय उरत नाही.

सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे पर्जचा मफलर, म्हणजे पर्जची हवा बाहेर सोडताना तिचा आवाज कमी करणारा भाग. एक टॉवर हवा सुकवत असताना दुसऱ्याचा दाब पूर्ण उतरला पाहिजे आणि त्याच्या गेजचा काटा शून्यावर टेकला पाहिजे, कारण पर्जची सारी ताकद तिच्या प्रसरणात आहे. ७ बारची हवा वातावरणाच्या दाबापर्यंत फुलली, तर तिचे आकारमान सुमारे आठपट होते. मफलरमध्ये डेसिकंटची भुकटी साचून टॉवरमध्ये १ बार दाब अडकून राहिला, तर ते चारपटच होते, म्हणजे तितकीच हवा खर्च करून पाणी मात्र निम्मेच वाहून नेले जाते. तपासणी सोपी आहे: काटा शून्यावर येत नसेल, तर ड्रायर बंद करून, दोन्ही टॉवरमधील दाब पूर्ण उतरवून मफलर काढावा, साफ करावा किंवा बदलावा. मफलर नवा असूनही काटा खाली येत नसेल, तर चालू टॉवरकडून हवा गळते आहे, म्हणजे चेक व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारा) किंवा इनलेट व्हॉल्व्ह धरत नाही, असे मानून पुढे जावे.

हीटलेस ड्रायर सुमारे १५ टक्के हवा पर्जमध्ये घालवतो आणि वीजबिल पाहणाऱ्याला ते खटकणे स्वाभाविक आहे. पण त्यावर पर्ज व्हॉल्व्ह आवळणे किंवा टॉवर बदलण्याची पाच मिनिटांची पाळी दहा मिनिटांची करणे हा उपाय नव्हे. बाष्प शोषताना निर्माण झालेली उष्णता मण्यांतच असते आणि तीच पुढच्या पाळीत पाणी सोडवायला उपयोगी पडते. पाळी लांबवली, की ती उष्णता बाहेर जाणाऱ्या हवेबरोबर निघून जाते. बचतच हवी असेल, तर दवबिंदूवर आधारित नियंत्रण बसवावे किंवा ब्लोअर पर्जचा ड्रायर (ब्लोअरने ओढलेल्या बाहेरच्या हवेने मणी कोरडे करणारा) घ्यावा.

उणे ४० येत नाही म्हणून अल्युमिनाच्या जागी मॉलिक्युलर सीव्ह (अतिसूक्ष्म छिद्रांचे आणखी एक डेसिकंट) भरण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. सीव्ह पाणी घट्ट धरून ठेवते, हा तिचा गुण आहे आणि अडचणही. हीटेड ड्रायरमध्ये (हीटरच्या उष्णतेने मणी कोरडे करणाऱ्या) ती मोकळी करायला २०० अंशांहून अधिक तापमान लागते; हीटर अल्युमिनाच्या हिशेबाने लावलेला असेल, तर ती प्रत्येक पाळीत थोडी थोडी भरत जाते.

माल भरताना टॉवर काठोकाठ भरून, ठोकून, पुन्हा वर भर घालावी. पोकळी राहिली, तर दाब बदलताना मणी उसळतात, एकमेकांवर घासतात आणि त्यांची भुकटी आफ्टरफिल्टर तुंबवते. ड्रम उघडा ठेवून जेवायला जाऊ नये, आणि भरणाऱ्याने मास्क लावावा.

दवबिंदू मोजतानाच्या चुका तर निदानच बिघडवतात. मीटरला नायलॉनची किंवा पीयूची (पॉलीयुरेथेनची) नळी जोडली, तर बाहेरचे बाष्प तिच्या भिंतीतून आत झिरपते आणि हवा कोरडी असूनही आकडा वाईट येतो; स्टेनलेस स्टील किंवा पीटीएफईची (टेफ्लॉनची) आखूड नळी वापरावी. नमुना दाबाखाली मोजला की वातावरणाच्या दाबाला, हेही नोंदवावे, कारण ७ बारवरचा उणे ४० अंशांचा दवबिंदू वातावरणाच्या दाबाला सुमारे उणे ५७ दिसतो. ओलाव्याने रंग बदलणाऱ्या इंडिकेटर सिलिका जेलच्या रंगावर विसंबून राहू नये. तो बदलेपर्यंत दवबिंदू उणे ४० च्या फार वर गेलेला असतो.

तेलाने माखलेले जुने डेसिकंट भंगारात किंवा आवारातल्या खड्ड्यात टाकू नये. ते २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार हाताळावे आणि अधिकृत प्रक्रिया केंद्राकडेच पाठवावे. महाराष्ट्रात तळोजा आणि रांजणगाव येथे अशी केंद्रे आहेत.