स्वतःच्या हातावर सांधे कसे ओळखायचे

सांध्यांचे प्रकार पाठ करत बसू नका, सरळ स्वतःच्या अंगावर करून बघा म्हणजे डोक्यात फिट बसतात. आधी कोपर, फक्त वाकतं आणि सरळ होतं, दाराच्या बिजागरीसारखं, म्हणून बिजागरीचा सांधा. आता खांदा गोल फिरवा, पुढे मागे वर बाजूला सगळीकडे जातो कारण हाडाचा गोल गोळा खोबणीत बसलेला असतो, हा उखळीचा सांधा. खुब्यात पण तोच आहे पण तिथली खोबण जास्त खोल, म्हणून पाय हाताइतका मोकळा फिरत नाही पण वजन मस्त पेलतो.

आता माझा सगळ्यात आवडता. कोपर अंगाला चिकटवून ठेवा, तळवा वर करा, मग खाली करा, आणि दुसऱ्या हाताने मनगटाच्या थोडं वर धरून बघा, आतली 2 हाडं एकमेकांवरून फिरताना जाणवतात! हा खुंटीचा सांधा, कोपराजवळच असतो. मान हलवून नाही म्हणता तेव्हा मानेच्या पहिल्या 2 मणक्यांमध्ये पण असंच होतं.

अंगठा करंगळीला टेकवा. हे जमतं ते अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या खोगिरासारख्या सांध्यामुळे. मनगटातली 8 छोटी हाडं एकमेकांवर थोडी थोडी सरकतात. मोठ्या माणसाच्या कवटीतले सांधे मात्र जवळपास हलतच नाहीत.

आणि हो, गुडघा बिजागरीत धरतात पण वाकवल्यावर थोडा फिरतो सुद्धा, खुर्चीत बसून पाऊल आतबाहेर वळवून बघा, हळूच, दुखलं तर थांबा.