सीझनआधी ब्रॉडहेड लावूनच नेम तपासा
मिशिगनमध्ये धनुष्यबाणाने हरणाच्या शिकारीचा सीझन १ ऑक्टोबरला सुरू होतो. उन्हाळाभर सराव होतो फील्ड पॉइंटवर, म्हणजे बाणाच्या साध्या, बिनपात्याच्या टोकावर. शिकारीला लागतं ब्रॉडहेड, म्हणजे धारदार पात्यांचं टोक, आणि त्याची पाती वारा धरतात. दोन्हींचं वजन सारखंच १०० ग्रेन असलं तरी बाण वेगवेगळ्या जागी लागू शकतात. म्हणून सप्टेंबर लागताच फोमच्या टार्गेटवर २० यार्डांवरून दोन्ही प्रकारचे तीन-तीन बाण मारा. ब्रॉडहेड उजवीकडे जात असतील तर रेस्ट (धनुष्यावर बाण टेकतो तो आधार) डावीकडे सरकवा, पण एका वेळी जेमतेम अर्धा-एक मिलिमीटर. दोन्ही गट एकत्र येईपर्यंत साइटला (नेम धरायच्या खुणेला) हात लावू नका.

एकच बाण भरकटतोय? त्याचं टोक जाड पुठ्ठ्यावर टेकवून बाण भोवऱ्यासारखा फिरवा. थरथरला, तर ब्रॉडहेड सरळ बसलेलं नाही.

कार्बनचा प्रत्येक बाण तोंडापासून लांब धरून हलकासा वाकवा. किंचितही करकर ऐकू आली तर तो मोडूनच टाका. तडकलेला बाण सुटताना फुटतो आणि त्याच्या चिरफळ्या धनुष्य धरलेल्या हातात घुसतात. आणि सरावात वापरलेली पाती बदलाच. बोथट पात्याने हरीण नुसतं जखमी होऊन पळतं, मग तासन्‌तास तडफडतं.