जुन्या स्पोर्ट्स कारला छोट्या रेसिंग काचा लावताय? ड्रिल दूर ठेवा आणि या चुका टाळा

2023 च्या जानेवारीत, 6 ते 8 तारखेला, आपल्या बडोद्यात लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात 21 गन सल्यूट नावाचा जुन्या गाड्यांचा सोहळा झाला, तिथून परत आल्यापासून मामांनी एकच धरून ठेवलेलं, आपल्या एमजीला त्या दोन छोट्या काचा पाहिजेत. गाडी 1951 ची एमजी टीडी, उघडी इंग्लिश स्पोर्ट्स कार, 1250 सीसी. इंग्लंडला ब्रुकलंड्सच्या ट्रॅकवर (1907 ते 1939 चालला तो) मोठी उभी काच पुढे आडवी पाडून ड्रायव्हरपुढे फक्त एक छोटी काच ठेवायचे, कारण वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो आणि सपाट उभी काच म्हणजे हवेला लावलेलं दारच. त्यांना ब्रुकलंड्स स्क्रीन किंवा एरो स्क्रीन म्हणतात. दिसतात सुंदर, त्यात वाद नाही. पण लावताना आम्ही काय काय केलं आणि काय करायला नको होतं ते सगळं लिहितोय, म्हणजे तुमचा पत्रा तरी वाचेल.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ड्रिल. डेंटर म्हणाला चार भोकं मारू, अर्ध्या तासाचं काम, आणि खरंच अर्ध्या तासाचंच आहे, पण नंतरची वीस वर्षं ते भोक आपलं काम करत राहतं. टीडीची बॉडी म्हणजे अ‍ॅश लाकडाचा सांगाडा आणि त्यावर लोखंडी पत्रा. काउलला, म्हणजे बोनेट संपल्यावर डॅशबोर्डच्या वर जो पत्रा येतो त्याला भोक पडलं की पावसाचं पाणी खाली लाकडात आणि डॅशबोर्डच्या मागच्या वायरिंगवर जातं, भोकाच्या कडेला पेंट उरत नाही, तिथून गंज सुरू होतो आणि वरून दिसतही नाही. शिवाय कागदपत्रांचा प्रश्न. 2021 च्या जुलैत जे व्हिंटेज गाड्यांचे नियम आले त्यात 50 वर्षांपेक्षा जुनी गाडी मूळ अवस्थेत पाहिजे, चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा बदल नको असं स्पष्ट आहे, मग व्हिंटेज गाड्यांचा खास व्हीए सिरीजचा नंबर मिळतो. चार भोकांना कोणी मोठा बदल म्हणेल की नाही यावर वाद घालत बसण्यापेक्षा भोकच नको ना.

मग धरायचं कशाला? इथेच लोक सोपं उत्तर शोधतात आणि फसतात. चुंबक लावू नका, रबर चढवलेलं असलं तरी. वर ओढलं तर चुंबक धरतं पण बाजूनं हवेचा दाब आला की सरकतं, आणि खाली लोखंडाचा बारीक कीस जमतो, तो पॉलिशपेपरसारखा पेंट घासतो. सक्शन कप तर आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात पार्किंगमध्येच सुटतो.

डबल टेपची गोष्ट वेगळी आहे, कारण चांगला व्हीएचबी (दोन्ही बाजूंनी चिकटणारा फोमसारखा जाड) टेप खरंच मजबूत असतो आणि म्हणूनच तो जास्त धोकादायक. मी पहिल्यांदा तोच लावला. लावून दोन तासांत गाडी काढली, हे चुकलं, कारण हा टेप 20 मिनिटांत साधारण निम्मी ताकद पकडतो, 24 तासांत 90 टक्के आणि पूर्ण ताकदीला 72 तास लागतात. ओल्ड पादरा रोडवरच एक बाजू उचलली गेली. मग घरी येऊन मी चिडून हातानं ओढून काढला आणि टेपबरोबर रुपयाएवढा पेंट आला, खालची लांबीसुद्धा (पुट्टी) आली. जुन्या गाडीत पत्र्यावर लांबी, लांबीवर प्रायमर, त्यावर तीन वेळा मारलेला पेंट, आणि टेप धरतो फक्त सगळ्यात वरच्या थराला. काढायचाच झाला तर हेअर ड्रायरनं कोमट करून मासेमारीच्या दोऱ्यानं करवतीसारखा कापत काढायचा, ओढायचा अजिबात नाही. मामा काही बोलले नाहीत, नुसते त्या जागेवर बोट फिरवत राहिले, मला ते जास्त लागलं.

आता थोडा हिशोब, कारण मी आधी हा केला असता तर टेप लावलाच नसता. 30 बाय 20 सेंटीमीटरची काच, ताशी 100 किलोमीटर वेग, तर हवेचा जोर साधारण तीन किलो. तीन किलो म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण तो जोर काचेच्या मध्यावर, बुडापासून 10 सेंटीमीटर वर लागतो, म्हणजे काच मागे उलथायला बघते, आणि तुमचा पाया पुढून मागे फक्त चार सेंटीमीटर असेल तर पुढच्या कडेवर आठेक किलोची उपटणारी ओढ येते. तोच पाया 10 सेंटीमीटर केला की ओढ तीन किलोवर येते. म्हणजे चिकटवायचं काय हा प्रश्नच नाही, पाया लांब किती आणि पुढची कड खाली कोण दाबून धरतंय हा खरा प्रश्न.

त्याचं उत्तर कंपनीनं आधीच गाडीत ठेवलंय. मोठ्या काचेचे दोन्ही बाजूंचे स्टँड ज्या बोल्टांवर बसतात तेच बोल्ट वापरायचे. आम्ही काउलच्या दोन्ही उंचवट्यांवर पुठ्ठा ठेवून आकार काढला, त्यावरून 25 बाय 5 एमएमची अ‍ॅल्युमिनियमची फ्लॅट पट्टी वाकवून घेतली, तिची टोकं बारीक करून स्टँडच्या बोल्टांखाली आणली. बोल्ट आवळले की पट्टी पट्ट्यासारखी काउलवर ताणून बसते, काचांचे लांब पाय या पट्टीवर, आणि खाली रबर. मोठी काच पुढे आडवी पाडलेलीच राहते, परत उभी करता येते. एक बघायचं, टीडीत वायपरची मोटर काचेच्या फ्रेमवर असते, काच पाडताना तिची वायर चेपत नाही ना.

बोल्ट जरा लांब लागतो म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून आठ एमएमचा आणून घुसवू नका!! दिसायला सारखाच दिसतो. पण या इंग्लिश गाड्यांच्या बॉडीला 5/16 इंची बीएसएफ, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाचा बोल्ट असतो, इंचाला 22 आटे, एमजीए-एमजीबीसारख्या नंतरच्या गाड्यांत यूएनएफ हे दुसरं इंची माप, इंचाला 24, आणि आपल्या बाजारातल्या एम8 चे, म्हणजे त्या आठ एमएमच्या बोल्टाचे, पडतात साधारण 20. दोन-तीन फेऱ्या हातानं जातो, मग पान्यानं जोर लावला की आतले आटे गेले, आणि मग तेच, ड्रिल. जुना बोल्ट घेऊन लेथवाल्याकडे जा आणि त्याच आट्याचा लांब करून घ्या. स्टेनलेसचा केला तर अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीशी जिथे टेकतो तिथे नायलॉनचा वॉशर द्या आणि ग्रीस लावा, नाहीतर एका पावसाळ्यात पांढरी भुकटी निघते.

खालचं रबर कुठलंही चालत नाही. मऊ पारदर्शक पीव्हीसी लावलं तर उन्हात त्यातलं तेल पेंटमध्ये उतरतं आणि डाग कायमचा. काळं रबर फिक्या रंगाच्या गाडीवर पिवळट ठसा सोडतं. आमची गाडी क्रीम कलरची, म्हणून पट्टीखाली पातळ चामडं घातलं आणि काढून कोरडं करता येईल असं मोकळं ठेवलं.

काच अ‍ॅक्रिलिकची करणार असाल तर पाच-सहा एमएम जाडी घ्या. भोक इथे पाडावंच लागतं, काचेत, गाडीत नाही, आणि ते स्क्रूपेक्षा दीड एमएम मोठं ठेवा. अ‍ॅक्रिलिक लोखंडाच्या पाच-सहा पट प्रसरण पावतं, 30 सेंटीमीटरच्या तुकड्याला 40 डिग्रीच्या फरकात पाऊण एमएमहून जास्त, आणि सकाळी गार गाडी अन् दुपारी तापलेलं काउल यात 40 डिग्री सहज होतात. घट्ट बसवलं तर भोकापासून तडा जाणारच. स्क्रू सुटू नये म्हणून थ्रेडलॉकर (आटे चिकटवणारं द्रव) लावायचा मोह होतो, लावू नका, तो अ‍ॅक्रिलिकला लागला की बारीक बारीक चिरा पडतात. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, आपोआप न सुटणारा) वापरा. स्पिरिट, पेट्रोल किंवा अमोनियावाल्या स्प्रेनं पुसू नका, साधं साबणाचं पाणी पुरतं.

उंची ठरवायची घाई करू नका. पुठ्ठ्याची काच कापून चिकटपट्टीनं लावून, नेहमीसारखं बसून बघा. वरची कड बरोबर डोळ्यांच्या रेषेत आली तर सगळ्यात वाईट, सतत एक आडवी रेघ रस्त्यावर. एकतर पूर्ण खाली नाहीतर पूर्ण वर. स्टिअरिंग पूर्ण फिरवून बोटं घासतात का तेही बघा.

आणि रस्त्यावरची गोष्ट. मोटार वाहन नियमांतला 100 वा नियम पुढच्या काचेला सेफ्टी ग्लास मागतो, बोर्ड बनवणाऱ्याकडून कापून आणलेल्या अ‍ॅक्रिलिकवर आयएस 2553 चा, म्हणजे सेफ्टी ग्लासच्या भारतीय मानकाचा, मार्क नसतो. म्हणून शहरात आम्ही मोठी काच उभीच ठेवतो, छोट्या काचा प्रदर्शनाला आणि बंद आवारात, तिथेही गॉगल लावूनच. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या सणाच्या, आधीचे पंधरा दिवस आणि नंतरचा आठवडा तर मोठी काच पाडून गाडी गेटबाहेर काढूच नका. बडोद्यात राहणाऱ्याला मांजा गळ्याशी काय करतो ते सांगायला नको, स्कूटरवाले पुढे तार लावून फिरतात, आणि तुमच्यापुढे तर तेवढंही नसतं.

लावून झाल्यावर पहिल्या फेरीनंतर बोल्ट परत तपासा. आम्ही चांपानेरला जाऊन आलो, मोठी काच उभी करून, पट्टी आणि छोट्या काचा जागेवर ठेवून, जाऊन येऊन शंभर एक किलोमीटर. घरी येऊन पाना लावला तर चामडं दबलेलं, दोन्ही बाजूंना पाव-पाव फेरी निघाली.