राजवट न्यायाधीशांची आहे का, हे कसे तपासावे

एखाद्या न्यायालयाने सरकारचा निर्णय रद्द केला की ‘आता न्यायाधीशच राज्य करणार’ अशी ओरड सुरू होते. फ्रेंच कायदेपंडित एदुआर लांबेर यांनी 1921 मध्ये अमेरिकी न्यायालयांबाबत ‘न्यायाधीशांचे सरकार’ हा शब्दप्रयोग रूढ केला, तोही अशाच तक्रारीतून. प्रत्यक्षात न्यायाधीशशाही, म्हणजे न्यायाधीशांच्याच हाती सत्ता असलेली राजवट, ही निराळी गोष्ट आहे आणि ती ओळखण्यासाठी काही प्रश्न क्रमाने विचारावे लागतात.

प्रथम, पदनामावर विसंबू नये. इटलीजवळच्या सार्डिनिया बेटावरील मध्ययुगीन चार राज्यांचे प्रमुख ‘न्यायाधीश’ म्हणवत, पण त्यांची गादी बहुधा घराण्यातच राही आणि व्यवहारात ते राजेच होते. उलट, मराठी बायबलात प्राचीन इस्राएलच्या ज्या नेत्यांना ‘शास्ते’ म्हटले आहे, त्यांच्यासाठी मूळ हिब्रूत ‘शोफेत’ हा न्याय करणाऱ्याचा वाचक शब्द येतो. (भाषांतरकारांची ही निवड मला नेमकी वाटते.)

मग अधिकार कोठून आला ते पाहावे, कारण खरी खूण येथेच सापडते. एफ्राइमाच्या डोंगराळ मुलखात, रामा आणि बेथेल यांच्या दरम्यान, या शास्त्यांपैकी एक असलेली दबोरा एका खजुरीच्या झाडाखाली बसे आणि लोक निवाड्यासाठी तिच्याकडे चढून जात. युद्धाचा प्रसंग आला तेव्हा तिनेच बाराक या सेनानीला बोलावून दहा हजार माणसे ताबोर डोंगरावर नेण्यास सांगितले, आणि ती बरोबर येणार असेल तरच जाईन, असे तो म्हणाला. राजमुकुट, दरबार, खजिना यांपैकी काहीही या कथेत तिच्यापाशी दिसत नाही. तिच्या शब्दाला वजन आहे.

तिसरा प्रश्न अंमलबजावणीचा. आजच्या बहुतेक देशांत निकाल न्यायालय देते, पण पोलीस आणि तिजोरी सरकारच्या ताब्यात असतात. तेथे न्यायालय कितीही सक्रिय असले तरी राजवट न्यायाधीशांची ठरत नाही. सोमालियात 2006 च्या जूनमध्ये इस्लामी न्यायालयांच्या संघाने मोगादिशू ताब्यात घेतले, तेव्हा त्या न्यायालयांजवळ स्वतःचे सशस्त्र दल होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात इथिओपियाच्या फौजांपुढे ते दल हटले आणि ती सत्ताही संपली.

कायदा कोण घडवतो, हेही विचारावे. सोमालींच्या ‘हीर’ या परंपरागत कायद्यात तंटा मिटवणारे वडीलधारे रूढीच्या आधारे भरपाई ठरवतात. विधिमंडळ असा प्रकार त्यात नाही.

शेवटी वारसा तपासावा. बायबलातील आणखी एक शास्ता शमुवेल याने म्हातारपणी योएल आणि अबीया या मुलांना न्यायाधीश नेमले. ते बैर-शेबा येथे लाच घेऊन निवाडे फिरवू लागले, तेव्हा इस्राएलचे वडील रामा येथे जमले आणि त्यांनी आपल्यासाठी राजा मागितला.