ड्रॅग पूर्ण आवळला तरी लाइन सुटत राहते: स्पिनिंग रीलवरचा उपाय

मिशिगनच्या लेक सेंट क्लेअरवर स्मॉलमाउथ बास गळाला लागला की ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा लाइन किती सहज सुटावी हे ठरवणारा रीलचा ब्रेक) कितीही आवळा, लाइन सुटतच राहायची. हँडल फिरवलं तरी मासा जवळ येईना. ड्रॅगचे वॉशर बदलले, नवी लाइनही भरली. फरक शून्य, डोकं मात्र फिरलं.

खरं कारण ब्रेडेड लाइन, म्हणजे बारीक धागे विणून केलेली लाइन. ती ताणली जात नाही, गुळगुळीत स्पूलला (रीलवर लाइन गुंडाळली जाते त्या चकरीला) धरत नाही, आणि अख्खी गुंडाळी स्पूलवरच घसरते. खात्री करायची तर स्पूल बोटांनी घट्ट धरा आणि लाइन ओढा. स्पूल स्थिर राहून गुंडाळी फिरली, तर दुखणं हेच.

आधी ब्रेड पूर्ण उतरवा. साधी नायलॉन मोनो (एकाच धाग्याची) लाइन आर्बर गाठीने स्पूलला बांधा आणि स्पूलचा तळ झाकेल एवढा एकच थर गुंडाळा. मोनोला ब्रेड डबल युनी गाठीने जोडा. गाठ ओली करूनच आवळा, ब्रेडच्या बाजूला वेढे जास्त द्या. मग ओल्या फडक्यात धरून, ताण ठेवत ब्रेड भरा. (सैल भरलेली ब्रेड पुढे फेकताना गुंतते, तो वेगळाच ताप.) कडेपासून दोन-तीन मिलिमीटर जागा सोडा.

मोनो नसेल तर तळाला चिकटपट्टीचा एक वेढाही चालतो. काही स्पूलना तळाशी रबरपट्टी असते. त्यांना यातलं काहीच लागत नाही.